तिसरा रकाना

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी ऑफिसात पोचले, तर टेबलावर एक कागद ठेवलेला. कॉम्प्युटरवर नीट आखून प्रिंट काढलेला, वर तारीख, खाली तीन रकाने. पहिल्या रकान्यात महिनाभरात मी दिलेल्या सूचना, एकूण चौदा. दुसऱ्यात त्या सूचनांचा त्यानं लावलेला अर्थ. तिसरा रकाना कोरा होता आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, मॅडमना काय म्हणायचं होतं.

आमचं ऑफिस दिंडोशीला, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. दहा-बारा माणसं, सगळं हिशेबाचं काम. जीएसटीची रिटर्नं, टीडीएस, लोकांची पगारपत्रकं. कागद ठेवणारा मुलगा चोवीस वर्षांचा, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आलेला. आपण ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहोत हे त्यानं अर्जातच लिहून दिलं होतं. आम्ही सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या होत्या. मी मनाशी ठरवलं, याच्याशी प्रेमानं बोलायचं. प्रेमानं म्हणजे कसं, तर घरच्यासारखं. तेवढं बघून घे रे. जमलं तर आज कर. एकदा नजर टाक त्यावर.

एका गिऱ्हाईकाचं रिटर्न वीस तारखेच्या आत जायला हवं होतं. मी त्याला म्हटलं होतं, वेळ मिळाला की बघ. वीस तारीख उलटून गेली, लेट फी लागली आणि मी सगळ्यांसमोर त्याला बोलले. त्यानं शांतपणे सांगितलं की वेळ मिळाला नाही. सगळे हसले. मला तो उद्धटपणा वाटला. माझ्या ड्रॉवरमध्ये त्याला कायम करण्याचा फॉर्म होता, महिनाअखेरीला द्यायचा. संवादकौशल्य या रकान्यात मी पेन्सिलीनं एक शब्द लिहूनही टाकला होता : असमाधानकारक.

आणि मग सोमवारी हा कागद. खरं सांगायचं तर आधी रागच आला. सव्वीस वर्षांची नोकरी झालीय माझी, आणि हा मला अर्थ विचारतोय! दुपारपर्यंत धुसफुसत होते. मग डबा खाताना एकदम आठवलं, असाच एक रकान्यांचा कागद याआधी कुठंतरी भेटलाय. लेक फिजिक्स शिकत होती तेव्हा तिनं आणलेलं एक जाडजूड चरित्र मी घरात पडलेलं म्हणून वाचलं होतं. ग्रॅहॅम फार्मेलो यांनी लिहिलेलं, २००९ साली आलेलं, पॉल डिरॅक या शास्त्रज्ञाचं. समीकरणांची पानं उलटून टाकली, माणसाची मात्र एकही सोडली नव्हती. त्या रात्री ते पुन्हा काढलं.

पॉल डिरॅकचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरातला. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे, शाळेत फ्रेंच शिकवायचे आणि कडक मास्तर म्हणून गावाला माहीत होते. आई फ्लॉरेन्स, मोठा भाऊ फेलिक्स, धाकटी बहीण बेटी. जेवणाची त्यांच्या घरात एक विचित्र व्यवस्था होती. वडील आणि पॉल जेवणघरात टेबलावर, आणि आई बाकीच्या दोन मुलांना घेऊन स्वयंपाकघरात. वडिलांशी बोलायचं ते फ्रेंचमध्ये आणि बिनचूक. चूक झाली की शिक्षा. फ्रेंचमध्ये आपल्याला हवं ते सांगता येत नाही, तेव्हा गप्प बसलेलं बरं, असं आपण ठरवून टाकलं, हे डिरॅकनं पुढे मोठेपणी सांगितलंय. वडिलांचा हेतू मुलाला एक भाषा यावी एवढाच असेलही. पण बोलणं आणि चुकणं आणि शिक्षा, ही साखळी एकदा जोडली गेली की सुटत नाही.

हे एवढंच त्याच्या अबोलपणाचं कारण होतं असं मात्र मला वाटत नाही. त्याची घडणच वेगळी असावी. फार्मेलो यांनी पुस्तकाच्या शेवटी तो ऑटिस्टिक असावा असं मत मांडलंय. ते सगळ्यांना पटलेलं नाही, आणि मेलेल्या माणसाला तपासता येत नाही हेही खरं. लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरचा पहिला गाजलेला निबंध १९४३ चा, हान्स आस्पर्गर यांचा १९४४ चा. तोवर डिरॅक चाळिशी ओलांडून गेला होता, नोबेलही घेऊन झालं होतं. त्याच्यावर शिक्का मारायचं कारण मला नाही. मला त्याच्याभोवतीच्या माणसांत जास्त रस आहे. अशा माणसाबरोबर रोज काम करताना ती काय शिकली?

भाऊ फेलिक्सला डॉक्टर व्हायचं होतं, वडिलांनी इंजिनीअरिंगला घातलं. पाठोपाठ पॉलही तिथंच गेला आणि भावापेक्षा वरचढ ठरला. पुढे दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी एक शब्द बोलायचे नाहीत. १९२५ च्या मार्चमध्ये फेलिक्सनं आत्महत्या केली. हे पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

पॉलला १९२१ साली इंजिनीअरिंगची पदवी पहिल्या वर्गात मिळाली, नोकरी मात्र मिळाली नाही. महायुद्धानंतरची मंदी होती. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकांनी त्याला दोन वर्षं फी न घेता वर्गात बसू दिलं, आणि १९२३ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो केंब्रिजला पोचला. तिथले त्याचे मार्गदर्शक राल्फ फाउलर. १९२५ च्या उन्हाळ्यात फाउलर यांच्या हाती हायझेनबर्ग या तरुण जर्मन शास्त्रज्ञाच्या नव्या निबंधाची प्रुफं आली. सुट्टीत ब्रिस्टॉलला गेलेल्या डिरॅकला त्यांनी ती पोस्टानं पाठवली. त्यावर एका ओळीत लिहिलं होतं, यावर तुझं मत काय ते कळव. बस्. सावकाश बघ नाही, जमलं तर नाही. काय वाचायचं आणि वाचून काय करायचं, दोन्ही त्या एका ओळीत होतं.

सुरुवातीला डिरॅकला त्यात विशेष काही दिसलं नाही. मग दिसलं. त्या गणितात दोन राशींचा गुणाकार उलटसुलट केला की उत्तर बदलत होतं, आणि सगळं मर्म तिथंच होतं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी एकटाच लांब फिरायला गेला असताना त्याला आठवलं, असंच काहीतरी जुन्या यंत्रशास्त्रात आपण वाचलंय. नेमकं काय ते आठवेना. परत आला तर लायब्ररी बंद! रात्र तशीच काढली आणि सोमवारी सकाळी दार उघडायला हजर. त्या सोमवारपासून तो जगातल्या पहिल्या पाच-सहा भौतिकशास्त्रज्ञांत जमा झाला, असं म्हणायला हरकत नाही. १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं त्याचं समीकरण आलं. १९३१ मध्ये त्यानं इलेक्ट्रॉनच्या उलट विद्युतभाराचा जुळा कण असला पाहिजे असं कागदावरून सांगितलं, आणि १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना तो कण सापडला. त्याच वर्षी न्यूटन ज्या पदावर होता ते केंब्रिजचं ल्युकेशियन प्राध्यापकपद त्याला मिळालं, तिसाव्या वर्षी.

आणि या सगळ्या काळात तो बोलायचा किती? केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी बोलण्याचं एक एककच काढलं होतं. एक डिरॅक म्हणजे तासाला एक शब्द.

त्याचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा व्याख्यानातला आहे. बोलून झाल्यावर श्रोत्यांतल्या एकानं उठून सांगितलं की फळ्यावरचं वरचं समीकरण आपल्याला कळलं नाही. डिरॅक गप्प. सभागृह अवघडलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं की तुम्ही प्रश्नाचं उत्तर देणार का. तेव्हा डिरॅकनं सांगितलं की तो प्रश्न नव्हता, विधान होतं. हा किस्सा सांगून लोक नेहमी हसतात. मीही हसले होते. आता वाटतं, बरोबरच होतं की त्याचं. त्या माणसानं आपल्याला काय हवंय ते सांगितलंच नव्हतं.

आपण घरात काय करतो बघा. खिडकी उघडी राहिलीय वाटतं, असं म्हटलं की कुणीतरी उठून ती लावायची. मीठ संपलं का, असं विचारलं की ते वाण्याकडून आणायचं. पाहुणा नको म्हणाला की आणखी एक पोळी वाढायची. विधानाचा हुकूम, प्रश्नाची तक्रार आणि नकाराचा होकार करण्यात आपण सगळ्याजणी तरबेज. तेच सगळं मी डब्याबरोबर ऑफिसात घेऊन जात होते.

आणखी एक सवय त्याची. वर्गात कुणी एखादा भाग पुन्हा समजावून सांगा म्हणालं, की तो तेच शब्द त्याच क्रमानं पुन्हा म्हणायचा. विद्यार्थ्यांना तो तुसडेपणा वाटे. त्याच्या लेखी मात्र ते सांगण्याची सगळ्यात चांगली पद्धत आधीच शोधून झालेली होती, मग बदलायचं कशाला? हायझेनबर्गबरोबर १९२९ मध्ये बोटीनं जपानला जाताना तर कमालच. हायझेनबर्ग संध्याकाळी नाचायचा, हा खुर्चीत बसून बघायचा. नाचतोस कशाला, असं यानं विचारलं. छान मुली असल्या की आनंद वाटतो, असं उत्तर आलं. बराच वेळ विचार करून यानं विचारलं, पण त्या छान आहेत हे आधीच कसं कळतं? यात टोमणा शून्य. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

१९३३ मध्ये श्रोडिंगरबरोबर त्याला नोबेल जाहीर झालं. वय एकतीस. प्रसिद्धीची धास्ती एवढी की नाकारायचंच त्याच्या मनात आलं. अर्नेस्ट रदरफर्ड त्या वेळी केंब्रिजमधले सगळ्यात दबदब्याचे शास्त्रज्ञ. त्यांनी ना त्याला समजावलं, ना मानाची, देशाची, आईबापांची आण घातली. एवढंच सांगितलं की नाकारलंस तर आणखी जास्त प्रसिद्धी होईल. डिरॅकला ते पटलं. आईला घेऊन तो स्टॉकहोमला गेला. रदरफर्ड यांचं ते एक वाक्य मी हल्ली वारंवार आठवते. समोरच्याची भीती काय आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तिच्याबद्दलच खरी असलेली एक गोष्ट सांगितली.

मग १९३४ मध्ये प्रिन्स्टनला त्याला मांत्सी भेटली. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांची ही हंगेरियन बहीण, घटस्फोटित, दोन मुलांची आई, भरभरून बोलणारी, भरभरून लिहिणारी. ती बुडापेस्टला परतल्यावर पत्रं सुरू झाली. तिची लांबलचक, त्याची चार ओळींची. तिनं तक्रार केली की मी विचारते त्याची तू उत्तरंच देत नाहीस. आणि इथं तो कागद आला! डिरॅकनं तिची सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि एक तक्ता करून पाठवला : पत्राचा क्रमांक, त्यातला प्रश्न, माझं उत्तर. मी इतकी उदास का असते, असं तिनं कुठंतरी लिहिलं होतं. त्याच्या पुढे यानं उत्तर भरलं की तुला पुरेसे छंद नाहीत. तिचा संताप झाला. क्रूरपणाचं दुसरं नोबेल तुला द्यायला हवं, असं तिनं उलट कळवलं.

बाई म्हणून मला तिचा संताप पुरता समजतो. उदास का, हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून कुणी विचारतं का? पण त्या तक्त्यावर त्यानं घालवलेला वेळ डोळ्यांपुढे आणला की दुसरंही दिसतं. उत्तर देत नाहीस हे तिनं स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि त्याच क्षणी तो कामाला लागला. तिनं रुसून पत्र थांबवलं असतं तर त्याला काही कळलंही नसतं. २ जानेवारी १९३७ ला लंडनमध्ये त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्यानं तिला लिहिलं की तू मला माणूस केलंस. पुढे दोन मुली झाल्या आणि संसार सत्तेचाळीस वर्षं चालला. सोपा नव्हता तो. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना तो विग्नरची बहीण असं सांगायचा, म्हणजे बघा! तिनं त्या शांततेत काय काय गिळलं असेल त्याचा तक्ता कुणी केलेला नाही. अशा माणसांच्या कौतुकात त्यांच्या बायकांचे हिशेब नेहमीच राहून जातात.

त्याला माया नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. त्याचा मित्र प्योत्र कपित्सा हा रशियन शास्त्रज्ञ १९३४ मध्ये सुट्टीला मायदेशी गेला आणि स्टालिनच्या सरकारनं त्याला परत येऊ दिलं नाही. एरवी तोंड न उघडणारा डिरॅक त्याच्या सुटकेसाठी अमेरिकेत लोकांच्या भेटी घेत फिरला, आणि १९३५ च्या उन्हाळ्यात कपित्साला सोबत करायला रशियात जाऊन राहिला.

आता आपल्या मुंबईकडे येते. होमी भाभा १९२७ साली इंजिनीअरिंग शिकायला केंब्रिजला गेले आणि डिरॅकच्या व्याख्यानांनी गणित-भौतिकीकडे ओढले गेले. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं भाभा स्कॅटरिंगचं गणित हे इलेक्ट्रॉन आणि डिरॅकनं भाकीत केलेल्या त्या जुळ्या कणाच्या टकरीचंच आहे. भाभा म्हणजे चित्रकला, संगीत, मेजवान्या यांत रमणारे. गुरूच्या बरोबर उलटे. १९५४ मध्ये अमेरिकेनं डिरॅकला व्हिसा नाकारला, तेव्हा भाभांच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या पाहुणचाराला तो मांत्सीसह मुंबईत आला. संस्था त्या वेळी गेट वेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथं त्यानं क्वांटम मेकॅनिक्सवर व्याख्यानं दिली आणि के. के. गुप्ता व जॉर्ज सुदर्शन या दोन तरुणांनी त्यांची टिपणं काढली. पुढे ती संस्थेनं छापली. हे सुदर्शन म्हणजे नंतर जगभर नाव झालेले ई. सी. जी. सुदर्शन.

मला हे फार आवडलं. या माणसाला मेजवानीत गप्पा मारायला लावण्यापेक्षा फळा द्या, विषय द्या, वेळ द्या आणि कुणीतरी लिहून घ्या. १९५५ च्या जानेवारीत बडोद्याला सायन्स काँग्रेस भरली तेव्हा तोच माणूस हजारो लोकांपुढे बोलला. काय बोलायचं ते ठरलेलं असलं की गर्दीनं त्याचं काही अडत नव्हतं. अडायचं ते हवापाण्याच्या गप्पांत. जाताना आपल्याकडून तो कावीळ घेऊन गेला, ही मात्र आपल्या पाहुणचाराची उणी बाजू.

निवृत्तीनंतर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो फ्लॉरिडातल्या टॅलहासी इथल्या विद्यापीठात गेला. रोज चालत ऑफिसला, दुपारी सहकाऱ्यांबरोबर जेवण, मग डुलकी. तो बोलला नाही तरी कुणाला वाईट वाटत नव्हतं आणि बोलला तर सगळे ऐकत होते. २० ऑक्टोबर १९८४ ला तो तिथंच गेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत १९९५ मध्ये त्याच्या नावाची फरशी बसली, तिच्यावर त्याचं समीकरण कोरलंय.

आमच्या ऑफिसातला मुलगा डिरॅक नाही. तो बँकेची स्टेटमेंटं जुळवतो, आणि चांगली जुळवतो. स्पष्ट सूचना मिळायला माणसानं अलौकिक बुद्धीचं असायला हवं अशी काही अट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीसवलतींची तरतूदही आहे, पण सोय म्हटलं की आपल्याला रॅम्प आणि लिफ्ट आठवते. वाक्य नीट पूर्ण करणं ही सोय असू शकते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलंय की न कळणं हे दोन्हीकडून असतं. त्यांना आपलं कळत नाही तसंच आपल्यालाही त्यांचं कळत नाही, फक्त आपण संख्येनं जास्त असल्यामुळे दोष त्यांच्या खात्यावर पडतो. हिशेबातल्या बाईला हे लगेच समजलं.

मंगळवारी मी तिसरा रकाना भरायला घेतला. अकरा सूचना सोप्या होत्या. नजर टाक म्हणजे बेरजा तपास. पार्टीला विचारून घे म्हणजे फोन नको, ईमेल कर. वेळ मिळाला की बघ म्हणजे अठरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत रिटर्न भरून मला दाखव. हे लिहिताना कान गरम झाले. दोन सूचनांना बराच वेळ लागला. नववीपाशी मात्र अडकलेच. तुझं तू बघ, असं मी म्हटलं होतं. त्यानं अर्थ लावला होता : या कामाचे सर्व निर्णय मी घ्यायचे. मला काय म्हणायचं होतं? पुष्कळ आठवून पाहिलं आणि शेवटी लिहिलं, याचा अर्थ काही नव्हता, मी त्या वेळी वैतागले होते, तुझ्यावर नाही.

फॉर्मवरचा पेन्सिलीतला शब्द खोडला. तिथं लिहिलं की सूचना लेखी आणि तारखेसह दिल्यास काम वेळेत आणि बिनचूक होतं. लेट फीबद्दल वेगळी टीप जोडली की सूचना अपुरी होती आणि ती माझी होती. फॉर्म वर पाठवला. ज्यांच्यासमोर त्याला बोलले होते त्यांच्यासमोरच चहाच्या वेळी तेवढंच सांगितलं. ते सोपं गेलं नाही.

त्याला भरलेला कागद दिला. त्यानं उभ्याउभ्या चौदाच्या चौदा ओळी वाचल्या, नववी दोनदा. मग टेबलावर ठेवून सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. इथं तारीख राहिलीय, मॅडम.

मी पेन घेतलं आणि तारीख घातली.